थोरली छत्री

रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता आणि मंडईतल्या खांबाच्या बुडातून पाणी बाहेर येत नव्हतं. सकाळी टोपलीवरचं पोतं काढताना माझं लक्ष गेलं. एरवी पाऊस असला की त्या भोकातून असा लोंढा सुटायचा की आमच्या चपला गटारात वाहून जायच्या. आज भोक कोरडं ठणठणीत. शेजारी हलिमाभाभी पेरू पुसत बसली होती. तिला म्हटलं, "भाभी, पाणी जातंय कुठं मग?"

"मला काय विचारतीस? मी काय वर बसलीय होय?"

तेवढ्यात माझ्या कोथिंबिरीवर टपकन थेंब पडला. आम्ही दोघींनी वर बघितलं. खांब जिथं छताला मिळतो तिथं एक बारीक काळी रेघ दिसत होती. ती काल नव्हती, हे मी शपथेवर सांगते. वीस वर्षं मी त्याच खांबाला पाठ टेकून बसत होते.

आता आमची मंडई कशी होती ते सांगायला पाहिजे, कारण ती राहिली नाही. भिंत म्हणून कुठं नव्हती. वर सिमेंटच्या छत्र्या, पण उलट्या. वाऱ्यानं छत्री उलटी होते बघा, तशा. एकेका खांबावर एकेक छत्री. पावसाचं पाणी चारी बाजूंनी मधे उतरायचं, खांबाच्या पोटातल्या नळातून खाली यायचं आणि बुडाशी बाहेर पडायचं. मधली छत्री सगळ्यांत मोठी, बाकीच्यांपेक्षा उंच आणि सुटी उभी. तिला आम्ही थोरली म्हणायचो. कॉलेजची पोरं-पोरी मुंबईहून कॅमेरे घेऊन यायची आणि फरशीवर उताणी झोपून तिचे फोटो काढायची. एकदा एक गोरा माणूस खांबाला हात लावून नुसता उभा राहिला होता. गिऱ्हाईक समजून मी त्याला लिंबं दाखवली.

आम्हाला त्यात काय कौतुक? आम्हाला तिच्याखाली ऊन लागत नव्हतं, वारा खेळता होता, भाजी दुपारपर्यंत कोमेजत नव्हती. माझा कट्टा थोरलीच्या खांबालगत, नंबर एक. लिंबू, मिरची, कोथिंबीर, आलं. आधी सासू बसायची, मग मी. नवरा गेल्यावर माझं अख्खं घर त्या कट्ट्यावर चाललं. लेकीचं लग्न त्यावर झालं, पोराचं शिक्षण त्यावर चालू होतं.

आणि नगरपालिकेला तिथं काचेची पाच मजली इमारत पाहिजे होती. चौकात मोठा फलक लावला होता, त्यावर निळी चकचकीत बिल्डिंग, पुढं मोटारी, आणि वर लिहिलेलं, 'शहराच्या प्रगतीचं पुढचं पाऊल'. ते पाऊल नेमकं आमच्या डोक्यावर पडणार होतं.

आम्ही कोर्टात गेलो. कट्टा नंबर एक माझा, म्हणून अर्जावर पहिलं नाव माझं, सोनाबाई गणपती माळी. मगदूम वकिलांनी जीव तोडून काम केलं आणि कोर्टानं 'जैसे थे' दिलं. आम्ही पेढे वाटले. वकिलांनी सगळ्यांना थोरलीखाली बसवून समजावलं, "जैसे थे म्हणजे जैसे थे. जो जिथं आहे तो तिथं. त्यांनी हलवायचं नाही, तुम्ही हलायचं नाही."

आम्ही ते अक्षरशः धरलं. उन्हाळ्यात लग्नसराई आली तरी कट्टा रिकामा ठेवला नाही. हलिमाभाभीला ताप आला तर तिचा नवरा रिक्षा बंद ठेवून पेरू विकायला बसला, आणि त्याला विकता येत नाही म्हणून गिऱ्हाइकं त्याची चेष्टा करायची. फुलं विकणारा शिवलिंग फुलारी बापाचं तेरावं करून त्याच संध्याकाळी येऊन बसला. जागा सोडली की गेली, एवढंच आमच्या डोक्यात.

पण तेच दोन शब्द नगरपालिकेनंही धरले. दर मे महिन्यात त्यांची माणसं शिडी लावून वर जायची आणि नळातला कचरा काढायची. त्या वर्षी कोणी आलंच नाही. मी विचारायला गेले तर तिथला इंजिनियर कुंभोजे म्हणाला, "मावशी, जैसे थे आहे. आम्ही हात लावला तर तुम्हीच कोर्टात सांगणार, छेडछाड केली म्हणून." मला राग आला, तशीच माघारी आले.

पावसाळा कसाबसा निघाला. नळातून थोडं थोडं का होईना पाणी उतरत होतं. आणि मग दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, हा परतीचा पाऊस.

त्या दिवशी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. शिवलिंगनं थोरलीखाली झेंडूचा डोंगर रचला होता आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळी त्याच्याभोवती. चौकाच्या कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता. ताडपत्रीखाली पत्रे होते, नवे कोरे. दोन दिवस तो तिथंच उभा होता आणि कशाला ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. एक कट्टा रिकामा झाला की तिथं पत्रा मारायचा. ट्रकशेजारी टपरीच्या छपराखाली कुंभोजे गळ्यात कॅमेरा अडकवून उभा.

मी डोक्यावर पोतं घेतलं आणि त्याच्याकडं गेले.

"साहेब, थोरली भरलीय. पाणी उतरत नाही."

"बघतोय मी," तो म्हणाला.

"बघताय तर माणूस चढवा वर. नळ मोकळा करा."

"मला परवानगी नाही."

"मग आम्ही चढवतो."

त्यानं कॅमेऱ्याला हात लावला. "चढवा. मी फोटो काढणार. मला तेवढंच सांगितलंय. अर्जदारांनी बांधकामाला हात लावला, कोर्टाचा अवमान केला. मग ते जैसे थे उठेल, मावशी. मी खोटं सांगत नाही."

"अहो, पण कोर्टानं सांगितलं त्या दिवशी वर पाणी होतं का? नव्हतं. मग ते पाणी काढलं म्हणजेच जैसे थे झालं ना?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो, बायको आमच्याकडूनच मिरच्या न्यायची. "हे तुम्ही कोर्टाला सांगा," तो म्हणाला.

"कोर्टाला दिवाळीची सुट्टी आहे."

"हो," तो म्हणाला, "ते आमच्या मोठ्या साहेबांनाही माहीत आहे."

चहावाल्याच्या फोनवरून मगदूम वकिलांना गाठलं. ते सासुरवाडीला गेलेले, मागं फटाके वाजत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "सोनाक्का, काही झालं तरी उठायचं नाही. अर्जदार क्रमांक एक तुम्ही आहात. तुम्ही उठला म्हणजे जागा धोकादायक आहे हे तुम्हीच कबूल केलं. मी सुट्टीतल्या जज्जसाहेबांकडं उद्या अर्ज टाकतो."

"आणि आज?"

"आज बसा."

बसले. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला, मग मी मोजायचं सोडून दिलं. कोथिंबीर बाजूला सरकवली. वरची रेघ आता खांबाच्या अर्ध्या घेराभोवती गेली होती. हलिमाभाभी पेरू पुसायची थांबली होती आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती.

"भाभी," मी म्हटलं, "तेरदाळकर साहेबांना आणायला पाहिजे."

तेरदाळकर साहेबांनी ही मंडई बांधली होती. तरुणपणी मुंबईतली नोकरी सोडून गावी आलेला इंजिनियर. आता म्हातारे झाले होते, नदीकडच्या वाटेवर एकटे राहायचे. आमच्या केसमध्ये त्यांनी कोर्टात येऊन सांगितलं होतं की नीट निगा ठेवली तर ह्या छत्र्या आपल्या नातवंडांच्याही डोक्यावर राहतील. हलिमाभाभीचा नवरा रिक्षा घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला.

ते उतरले तेव्हा पाऊस चांगलाच जोरात होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांना बघून मला एवढा धीर आला म्हणून सांगू. शिवलिंग तर मोठ्यानं गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "हे बघा, बांधणारे साहेब आले. माझ्या बापानं डोळ्यांनी बघितलंय, ह्या थोरलीचे टेकू काढले तेव्हा वजन पेलते का बघायला वर वाळूची पोती रचली होती आणि हे साहेब एकटे खाली उभे होते. म्हणाले, पडली तर माझ्यावर पडू दे. कळलं का? या साहेब, आत या, भिजताय."

थोरलीखाली फरशी कोरडी असायची आणि बाहेर ओली, मधे सरळ रेघ. तेरदाळकर साहेब त्या रेघेपाशी आले आणि थांबले. वर बघितलं. खांबाच्या बुडाकडं बघितलं.

"कधीपासून येत नाही?" त्यांनी मला विचारलं.

"सकाळपासून मी बघतेय. रात्रीचं माहीत नाही."

"ही भेग?"

"आजचीच."

त्यांनी मान हलवली आणि चालायला लागले. रेघेच्या बाहेरून, पावसातून, थोरलीला पूर्ण फेरी घातली. सगळी मंडई त्यांच्याकडं बघत होती. बायका झेंडू हातात धरून थांबल्या. परत माझ्यासमोर आले तेव्हा त्यांच्या टोपीतून पाणी गळत होतं.

तोवर कुंभोजे टपरी सोडून आला होता. त्याच्या हातात कागद होता, आधीच टाइप केलेला. "सर," तो अदबीनं म्हणाला, "धोकादायक आहे असं लिहून देता का? फक्त सही करायची."

"नाही," तेरदाळकर साहेब म्हणाले.

शिवलिंगनं टाळी वाजवली.

"मग धोकादायक नाही असं लिहून द्या," कुंभोजे म्हणाला. "मी ट्रक माघारी पाठवतो."

पाऊस त्यांच्या खांद्यावर पडत होता आणि ते वर भेगेकडं बघत होते.

"द्या की लिहून साहेब," शिवलिंग म्हणाला. "आणि या आत. कशाला भिजता?"

"मी इथं बरा आहे," ते म्हणाले.

"अहो, एक मिनिट आत येऊन उभे राहा नुसते. लोकांना धीर येईल. ही बायामाणसं घाबरलीत."

मीही म्हटलं, "या ना साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आजही ते तोंड मला दिसतं. त्यांच्या चपलांची टोकं बरोबर त्या रेघेवर होती, ओल्या आणि कोरड्या फरशीच्या मधे. ते हलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत राहिले आणि आत आले नाहीत.

ट्रक दिसत होता, कुंभोजेचा कॅमेरा दिसत होता, वकील बसा म्हणाले ते कानात होतं. पोराची फी, सासूची जागा, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि माझ्यासमोर झेंडूच्या ढिगाशी एक बाई वाकून फुलं निवडत होती, कडेवर पोर, त्या पोराच्या हातात फुलबाजीचं पाकीट.

मी उठले.

"आक्का, बस खाली," शिवलिंग ओरडला. "तू उठलीस तर काय राहिलं आपलं?"

"उठा," मी म्हटलं. "सगळे उठा. बाहेर चला."

"वेड लागलं काय तुला? ते बघ कॅमेरा धरून उभा आहे तो."

"धरू दे. भाभी, ऊठ."

हलिमाभाभी बसूनच राहिली. "पेरू?" ती म्हणाली.

"पेरू मरू देत." मी तिचा दंड धरला आणि ओढलं. ती रडत रडत उठली. मग एकेक करून सगळे उठायला लागले, कोणी शिव्या देत, कोणी टोपल्या ओढत. शिवलिंग शेवटी निघाला आणि जाताना झेंडूच्या ढिगावर लाथ मारली. आम्ही सगळे पावसात चौकात उभे राहिलो आणि थोरलीखाली मिरच्या, पेरू, फुलं तशीच पडलेली. कुंभोजे फोटो काढत होता.

आम्ही वाट बघत राहिलो. अंधार पडेपर्यंत. ती पडली नाही.

रात्री त्यांनी पत्रे मारले. दुसऱ्या दिवशी मगदूम वकील धावत आले, पण अर्जदार क्रमांक एक जागा सोडून जातानाचे फोटो आधीच सुट्टीतल्या जज्जसाहेबांकडं गेले होते. आम्हाला धोका होता म्हणून उठलो, हे खरं सांगितलं तरी मंडई धोकादायक ठरत होती आणि खोटं सांगितलं तर आम्ही आपखुशीनं जागा सोडली असं होत होतं. दिवाळीनंतर जैसे थे उठलं. मधल्या काळात ऊन पडलं, थोरलीतलं पाणी आटलं, आणि ती जशी होती तशी उभी.

पाडायला मशिनं आली तेव्हा धाकट्या छत्र्या भराभर पडल्या. थोरलीला आठवडा लागला. चौकात माणसं बघायला उभी राहायची, सुट्टीतला खेळ असावा तशी. तेरदाळकर साहेबही यायचे, रस्त्याच्या पलीकडं काठीवर भार देऊन उभे राहायचे. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. माझ्याशीही फारसं कोणी बोलत नव्हतं. शिवलिंग तर येता-जाता म्हणायचा, "पडली का गं आक्का? अजून नाही पडली?" मला त्याचं वाईट वाटायचं आणि साहेबांचा संताप यायचा. एवढा संताप की एकदा त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. एवढी मजबूत होती, तुम्ही बांधलेली होती, तुम्हाला माहीत नव्हतं?

आता आम्ही त्या काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतो. खाली मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं. वर भाजी घ्यायला कोण जिना चढणार? हलिमाभाभीनं कधीच गाळा सोडला, घरासमोर बसते. शिवलिंग हारांच्या ऑर्डरी घेतो. मी अजून आहे, कारण मला दुसरं काही येत नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी मी लिंबावर पाणी मारत होते, तर जिन्यात काठीचा आवाज. तेरदाळकर साहेब. कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांवर थांबत वर आले. नव्वदीला टेकले असतील. मी बघत राहिले, उठले नाही.

"चार लिंबं द्या," ते म्हणाले. दम लागला होता.

मी लिंबं निवडायला लागले. निवडता निवडता तोंडातून गेलंच. "साहेब, पडली असती का हो ती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुम्ही बांधलेली."

"बांधली म्हणूनच सांगतो. एवढं पाणी तिच्यावर कधी साठेल असं मी धरलंच नव्हतं. राहील असं वाटत होतं. बरंच वाटत होतं."

माझा हात थांबला. "मग आत का आला नाहीत? माणसं हाका मारत होती. मी हाक मारली."

त्यांनी काठी गाळ्याला टेकवली. "आलो असतो तर तुम्ही बसून राहिला असता," ते म्हणाले.

हातातलं लिंबू मी परत टोपलीत ठेवलं.

"वाळूची पोती रचली तेव्हा खाली मी एकटा होतो," ते म्हणाले. "एकट्यानं उभं राहायला काही लागत नाही. त्या दिवशी तुम्ही सगळे होता. आणि तोंडानं पडेल म्हणालो असतो तर कुंभोजेनं ते लिहून घेतलं असतं, सगळी मंडई गेली असती."

"गेलीच की."

"गेली," ते म्हणाले.

खालून कपड्याच्या दुकानातलं गाणं ऐकू येत होतं. मला वाटत होतं, आता एवढ्या वर्षांचं सगळं बोलून टाकावं, जिना, रिकामा गाळा, शिवलिंगचे टोमणे. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं तर ते हसत होते. अगदी थोडं, चोरून, लहान मुलासारखं.

"पाणी भरलेलं होतं तिच्यात काठोकाठ," ते म्हणाले. "तरी राहिली. आणि पाडताना मशिनचा दात मोडला त्यांच्या. मी बघितलं."

"एक नाही, दोन मोडले," मी म्हटलं.

"दोन?"

"एक तुम्ही बघितला तो. दुसरा शेवटच्या दिवशी, तुम्ही घरी गेल्यावर. खांबाच्या बुडाशी. मशिनवाला खाली उतरून कपाळाला हात लावून बसला."

"बुडाशी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसणं थांबत नव्हतं. मला रडू आलं की हसू ते मलाच कळलं नाही. दोघंही तसेच, लिंबांच्या टोपलीच्या अल्याड-पल्याड.

"तिथं मी जास्त सळई घातली होती," ते म्हणाले. "ठेकेदार ओरडत होता, कशाला म्हणून."

"बरं केलंत," मी म्हटलं.